एसच्या आधीचं शेपूट

“या डेपोत इंग्रजी येणारा माणूस एकच आहे, आणि तो मला रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटतो!”

बस डेपोच्या हेडक्लार्कसाहेबांचं हे वाक्य बावीस वर्षांत डेपोच्या भिंतींनाही पाठ झालं होतं. ड्रायव्हर लोक त्यांना पाठीमागे ‘स्पेलिंगसाहेब’ म्हणत. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. हे खूश झाले!

स्पेलिंगसाहेबांना माणसांचा तिटकारा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना फक्त चुकीचं इंग्रजी लिहिणाऱ्या माणसांचा तिटकारा होता. आता डेपोत दुसऱ्या प्रकारची माणसंच नव्हती, त्याला ते तरी काय करणार! रजेचा अर्ज इंग्रजीतच हवा, हा नियम त्यांचाच. एखादा ड्रायव्हर अंगात ताप घेऊन अर्ज आणायचा. साहेब लाल पेनचं टोपण काढायचे. ‘फीव्हर’चं स्पेलिंग चुकलं, अर्ज परत. ते सुधारलं तर ‘सफरिंग’मधला एक एफ कमी, अर्ज परत. चौथ्या दिवशी अर्ज एकदाचा शुद्ध व्हायचा, पण तोवर ताप कंटाळून निघून गेलेला असायचा.

“आता ताप कुठाय?” साहेब विचारायचे. “मग रजा कशाला हवी? जा, बस काढा!”

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस वरच्या ऑफिसचा कागद येऊन पडला. मोठे साहेब पुढच्या आठवड्यात गुरुवारी डेपोच्या तपासणीला येणार होते. त्याआधी डेपोतल्या सगळ्या पाट्या इंग्रजीत करून घ्याव्यात, असा हुकूम होता.

कागद वाचून स्पेलिंगसाहेबांची छाती अशी फुगली की शर्टाचं दुसरं बटण उडून टायपिस्टबाईंच्या टेबलाखाली गेलं.

“बाई, पेंटरला बोलवा!”

“बोलावते. पाट्यांचा मजकूर मी टाइप करून देऊ का साहेब? म्हणजे एकदा तपासूनही—”

“तपासून? माझा मजकूर? बाई, सूर्याला कुणी टॉर्च दाखवतं का?”

बाईंनी वाकून बटण शोधलं, ते सूर्याच्या टेबलावर ठेवलं आणि पेंटरला फोन लावला.

पेंटर आला. शाळा त्यानं सातवीत सोडली होती, पण तीस वर्षं पाट्या रंगवून हात असा बसला होता की त्याची अक्षरं कवायतीला उभ्या केलेल्या शिपायांसारखी दिसत. साहेबांनी दिलेला कागद त्यानं उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि डोकं खाजवलं.

“साहेब, ड्रायव्हरांच्या खोलीच्या पाटीवर हे जे शेपूट आहे ना वर, ते तुम्ही एसच्या आधी काढलंय.”

“मग?”

“नाही, मागं एका शाळेत शिक्षकांच्या खोलीची पाटी केली होती. तिथं ते एसच्या नंतर होतं. म्हटलं विचारून घ्यावं.”

स्पेलिंगसाहेबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. समोर माणूस नसून झुरळ उभं असावं, तसं त्याच्याकडे पाहिलं.

“शेपूट? त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. म्हण!”

“अपो... अपोष्ट... पोस्टाफी.”

“ऐकलंत ना बाई? पोस्टाफी! आणि हा मला शिकवणार!” साहेब खदाखदा हसले. “बाबा रे, तू ब्रश धर. इंग्रजीचं ओझं तुला पेलायचं नाही. कागदावर जसं आहे तसं काढ. एक टिंबही इकडचं तिकडं झालं तर पाटी तुझ्याच गळ्यात अडकवीन!”

“बरं,” पेंटर म्हणाला, आणि तो कागद चौपट घडी करून अगदी जपून खिशात ठेवला.

दोन दिवसांत पाट्या लागल्या. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, अशी देखणी की गॅरेजमधली कुत्रीसुद्धा खाली बसून बघू लागली! आता पाट्या लागल्या, काम संपलं, माणसानं डबा उचलून घरी जावं की नाही? पण स्पेलिंगसाहेबांना ज्ञानाची ढेकर दाबून ठेवायची सवय नव्हती. संध्याकाळी पाळी बदलताना त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना विश्रांतीच्या खोलीसमोर उभं केलं, हातात लाकडी फूटपट्टी घेतली आणि पायरीवर चढले.

“नीट ऐका! मी पुन्हा सांगणार नाही. इंग्रजीत मालकी दाखवायची असेल तर हे चिन्ह येतं. अपॉस्ट्रॉफी! तुमच्यासाठी सोपं करतो, शेपूट म्हणा. शेपूट एसच्या आधी आलं तर वस्तू एकाची. एसच्या नंतर आलं तर अनेकांची. आधी म्हणजे एक, नंतर म्हणजे अनेक. एवढं जरी डोक्यात राहिलं तरी तुमच्या सात पिढ्यांचं भलं होईल!”

बत्तीस ड्रायव्हरांनी बत्तीस माना हलवल्या. मग मागून एक हात वर झाला. तो हॉर्नचा होता. हा ड्रायव्हर गाडी चालवायचा कमी आणि हॉर्न वाजवायचा जास्त, आणि गाडीतून उतरल्यावरही त्याच आवाजात बोलायचा, म्हणून त्याला सगळे हॉर्न म्हणत.

“साहेब, म्हणजे आधी एक आणि नंतर अनेक?”

“शाबास! दगडालाही पाझर फुटतो म्हणायचा!”

“मग आमच्या पाटीवर शेपूट एसच्या आधी कसं काय?”

साहेबांची पट्टी हवेतच राहिली. त्यांनी मान वळवून वर पाहिलं. पाटीवर हातभर उंचीच्या, शंभर पावलांवरून दिसतील अशा अक्षरांत लिहिलं होतं:

DRIVER'S ROOM

क्षणभर त्यांना वाटलं, पेंटरनं दावा साधला! मग आठवलं, की कागदावर हे शेपूट त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेननं, झोकदार वळण देऊन काढलं होतं. ‘चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. तीन अक्षरं! पण बावीस वर्षांत तो शब्द या तोंडातून कधी बाहेर पडलेला नव्हता, त्यामुळे त्याला वाटच सापडेना. तो घशापर्यंत आला, तिथे अडखळला आणि मुकाट्यानं माघारी गेला.

“कारण,” साहेब छाती काढून म्हणाले, “ती खोली एकाच ड्रायव्हरची आहे!”

“काय?”

“व्याकरण बघा ना! एसच्या आधी. म्हणजे एक. उगाच लिहिलंय का मी?”

“पण साहेब, आत आठ खाटा आहेत!”

“त्या... त्या त्याच्या खाटा.”

“कुणाच्या?”

आता हा मात्र वाजवी प्रश्न होता. साहेबांनी घाईघाईनं जमावावरून नजर फिरवली. सगळ्यांत मागे, पाणपिंपाला टेकून, गिअरतात्या थर्मासमधून चहा ओतून घेत होते. डेपोतले सर्वांत जुने ड्रायव्हर. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या गिअरच्या वर गाडी नेली नव्हती आणि एकदाही कुणाला धक्का लावला नव्हता. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

“सर्वांत ज्येष्ठ ड्रायव्हरची!” साहेबांनी पट्टी तात्यांवर रोखली. “ते बघा, ते. तात्या, अभिनंदन!”

तात्यांच्या कपातला चहा ओसंडून चपलेवर पडला.

दुसऱ्या दिवशी तसं परिपत्रकही निघालं. थुंकलेलं गिळायचं नसलं की माणसाला परिपत्रकच काढावं लागतं! खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली तात्यांच्या हातात आली.

पहिले दोन दिवस मजेत गेले, म्हणजे स्पेलिंगसाहेबांचे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते डबा उघडून बसले आणि दार उघडलं. हॉर्न आत आला. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. बघता बघता अकरा ड्रायव्हर डबे घेऊन साहेबांच्या ऑफिसात शिरले. कुणी फायलींच्या ढिगावर बसला, कुणी कपाटाला पाठ लावून पाय पसरले. एकानं तर शिक्क्यांची पेटी उशाला घेतली आणि घोरायलाही लागला.

“हे काय चाललंय?” साहेब कडाडले.

“विश्रांती, साहेब,” हॉर्न म्हणाला. “आमची खोली एकाची झाली ना!”

“मग इथं? बाहेरची पाटी वाचा! हेडक्लार्कचं ऑफिस! शेपूट एसच्या आधी! ही खोलीपण एकाचीच आहे!”

“हो की! मालकी तुमचीच. आम्ही पाहुणे. तुम्ही जेवा ना साहेब, लाजू नका.”

ज्ञान एकदा वाटलं की परत घेता येत नाही, हे साहेबांच्या त्या दिवशी लक्षात आलं. ड्रायव्हरांनी व्याकरण असं उचललं होतं की साहेबांनी बावीस वर्षांत शिकवलेलं एकीकडे आणि हे एक शेपूट एकीकडे! ते डेपोभर फिरून पाट्या वाचू लागले. प्रवाशांच्या प्रतीक्षालयाच्या पाटीवरही साहेबांनी शेपूट एसच्या आधीच मारलं होतं. झालं! चौथ्या दिवशी सकाळी हॉर्न तिथे जाऊन उभा राहिला आणि आपल्या त्या आवाजात ओरडला, “उठा, उठा! पाटी वाचा! इथं एकच प्रवासी बसू शकतो! कोण बसणार ते आपसांत ठरवा!”

प्रवाशांनी आपसांत ठरवलं नाही. ते उठून थेट हेडक्लार्कच्या ऑफिसात आले. एक आजीबाई छत्री घेऊन आल्या होत्या. पाऊस नव्हता.

“कोण तो शेपूटवाला?” त्यांनी विचारलं.

टायपिस्टबाईंनी टाइपरायटरवरून नजर न उचलता पेन्सिलीनं दिशा दाखवली.

छत्री तशी हलकीच होती. पण डेपोच्या इतिहासात हेडक्लार्कनं टेबलाखालून फोन घेण्याची ती पहिलीच वेळ.

हे सगळं एक वेळ साहेबांनी सहनही केलं असतं. लोकांना अक्कल नाही, असं म्हणून त्यांनी आजवर कितीतरी गोष्टी पचवल्या होत्या. पण सहाव्या दिवशी गिअरतात्या आले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“साहेब, ही परत घ्या.”

“का? खोली आवडली नाही?”

“खोलीचं काय! तीस वर्षं तीच खोली आहे.” तात्या उभेच राहिले. “आठ खाटा, साहेब. पहिल्या दिवशी एकीवर पडलो, झोप येईना. दुसऱ्या दिवशी दुसरीवर. आता आठही करून झाल्या. पत्ते पिसतो आणि चार जागी वाटून एकटाच बसतो. पोरं बाहेर झाडाखाली जेवतात. मी गेलो की गप्प होतात. काल हॉर्न मला ‘मालक’ म्हणाला.”

“मग त्यात वाईट काय?”

“त्याला बस मागं घ्यायला मी शिकवलंय साहेब. तो मला तात्या म्हणायचा.” तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “चार महिने राहिलेत माझे. ते शेपूट जरा पुढं सरकवता नाही का येणार?”

स्पेलिंगसाहेबांच्या छातीत काहीतरी हललं. कदाचित काळीज असेल. पण त्यांनी ते दाबलं. शेपूट सरकवायचं म्हणजे ते आधी चुकीच्या जागी होतं असं कबूल करायचं!

“व्याकरण कुणासाठी सरकत नसतं, तात्या,” ते म्हणाले आणि समोरचा कागद वाचू लागले. कागद उलटा होता. तात्यांनी तो पाहिला आणि किल्ली उचलून गेले.

त्या रात्री जेवताना साहेबांनी बायकोला सगळी हकीकत सांगितली. अर्थात स्वतःच्या बाजूनं. ड्रायव्हर किती अडाणी, प्रवासी किती उद्धट, तात्या किती हळवे. बायको गुमान ऐकत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण नवरा चांगला वाचता येत होता.

“म्हणजे तुमचं चुकलं,” ती म्हणाली.

“अगं, चुकलं असं नाही. ते व्याकरणाच्या दृष्टीनं—”

“अहो, तो ठिपका इकडचा तिकडे करायला ब्रशचा एक फटकारा लागतो. तुम्हाला आठवडा लागला आणि अजून बाहेर झाडाखाली लोक जेवतायत! आमटी वाढू का? का तिच्यावर पण परिपत्रक काढताय?”

साहेबांना रात्रभर आठ रिकाम्या खाटा दिसत राहिल्या.

मंगळवारी त्यांनी पेंटरला एका बाजूला गाठलं. आवाज शक्य तितका गोड केला. गोड आवाजाची सवय नसल्यानं तो चिरकला.

“एक छोटं काम होतं. ते शेपूट जरा—”

“एसच्या नंतर ना? करतो की,” पेंटर म्हणाला. “पाच मिनिटांचं काम. फक्त सगळ्या ड्रायव्हरांसमोर एवढं सांगा, की पेंटरनं आधीच विचारलं होतं. तुमचा कागदपण आहे माझ्याकडे. जपून ठेवलाय.”

“चालता हो!”

“बरं,” पेंटर म्हणाला. त्याचं हे ‘बरं’ फार वाईट असायचं.

आता उरला एक दिवस. बुधवारी दुपारी, सगळ्या गाड्या बाहेर असताना, स्पेलिंगसाहेबांनी स्वतःच मोहीम हाती घेतली. शर्ट खराब होऊ नये म्हणून गॅरेजमधला तेलकट निळा डगला चढवला, डोक्याला फडकं बांधलं, एका हातात रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातात रॉकेलची चिंधी घेऊन शिडी चढले. हे काम पाच मिनिटांचं आहे असं एका सातवी पास माणसानं सांगितलं होतं, म्हणजे आपल्याला दोन मिनिटं पुरतील, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांनी शेपटावर चिंधी फिरवली. शेपूट गेलं. सोबत अर्धा एसही गेला. उरलेला अर्धा एस चांगला दिसेना, म्हणून तोही पुसला. मग नवा एस काढायला घेतला. एस हे अक्षर इतकं हलकट आहे हे बावीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं! वरचं पोट काढावं तर खालचं सुटायचं, खालचं आवळावं तर वरचं लोंबायचं. शेवटी जे तयार झालं ते बेडूक गिळून भिंतीवर चढलेल्या सापासारखं दिसत होतं. त्याच्या पुढे त्यांनी शेपूट काढलं. ओल्या रंगाचा एक ओघळ त्यातून निघाला आणि सावकाश खाली येऊ लागला.

“ए पेंटर!”

खाली एक सफारीतला माणूस उभा होता. बगलेत फाइल. मागे गाडी. मोठे साहेब!

आता गोष्ट अशी, की आधी कळवून गेलं की सगळे डेपो चकचकीत दिसतात, म्हणून मोठे साहेब नेहमी एक दिवस आधीच टपकत. ही त्यांची युक्ती बाकी सगळ्या डेपोंना ठाऊक होती. स्पेलिंगसाहेबांनाच नव्हती, कारण इतर डेपोंतल्या लोकांशी ते बोलत नसत. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं ना!

“बहिरा आहेस का? हे काय काढलंयस?”

खाली उतरून ‘मी हेडक्लार्क’ असं सांगायची हीच वेळ होती. पण मग हेडक्लार्क शिडीवर काय करतोय, हेही सांगावं लागलं असतं. साहेबांनी डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत ओढलं. इतक्यात खोलीचं दार उघडून गिअरतात्या बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं. फडक्याखालचा चेहरा ओळखायला त्यांना एक क्षणही लागला नाही. ते पुढे झाले आणि त्यांनी डगमगणारी शिडी दोन्ही हातांनी धरली.

“नवा आहे साहेब,” तात्या म्हणाले. “शिकतोय अजून. हात बसायचाय.”

“ते दिसतंच आहे. हा एस आहे की गांडूळ? आणि त्याच्या पुढं ते काय लोंबतंय? पाल?”

स्पेलिंगसाहेबांतला व्याकरणाचा किडा अशा वेळीही स्वस्थ बसेना. “अपॉस्ट्रॉफी, साहेब,” ते वरून क्षीण आवाजात म्हणाले. “मालकी दाखवते ती.”

“मालकी?” मोठे साहेब लालबुंद झाले. “कुणाची मालकी? खोली कंपनीची, जागा कंपनीची, खाटा कंपनीच्या! ड्रायव्हरांची कसली मालकी? उद्या कोर्टात जातील! पूस ते आधी!”

“पण साहेब, ती काढली तर व्याकरण—”

“तू रंगारी आहेस की मास्तर? चार अक्षरं वेडीवाकडी काढतोस आणि व्याकरण सांगतोस मला? पूस म्हटलं ना!”

स्पेलिंगसाहेबांनी चिंधी उचलली. शेपूट पुसलं. डोळ्यांत पाणी आलं. रॉकेलचा वास उग्र असतो. पाटीवर DRIVERS ROOM एवढंच उरलं, बिनशेपटाचं.

“साहेब,” तात्यांनी विचारलं, “मग आता ही खोली कुणाची समजायची?”

“म्हणजे काय? ड्रायव्हरांची! नाहीतर काय माझी? आणि कडीला हे कुलूप कशाला लटकतंय? काढा!”

तात्यांनी कुलूप काढलं आणि लांब फेकून दिलं. ते कुठे पडलं हे बघायलाही ते थांबले नाहीत, लगेच पुन्हा शिडी धरली.

मोठे साहेब ऑफिसात गेले. ऑफिसची खिडकी शिडीच्या अगदी शेजारी होती, त्यामुळे आतला शब्द न् शब्द वर ऐकू येत होता.

“हेडक्लार्क कुठे आहेत?”

टायपिस्टबाईंना खिडकीतून शिडीच्या वरच्या पायऱ्या आणि साहेबांचे बूट दिसत होते. “ते वर गेलेत, साहेब,” त्या म्हणाल्या.

मोठ्या साहेबांचा आवाज एकदम खाली आला. “अरेरे! कधी?”

“आत्ताच. जेवणानंतर.”

“हृदयविकार?”

“नाही, नाही! तसं वर नाही साहेब!” खिडकीबाहेर बूट जोरजोरात ‘नको नको’ करू लागले, ते बघून बाई गडबडल्या. “म्हणजे... वरच्या ऑफिसात गेलेत!”

“वरचं ऑफिस म्हणजे माझं! मी इथं आणि हे तिथं कशाला गेलेत?”

“तुम्हाला भेटायला असेल.”

रजिस्टरची पानं उलटल्याचा, पेन खरखरल्याचा आणि दार आपटल्याचा आवाज आला. गाडी निघून गेली. साहेब खाली उतरले. तात्यांनी त्यांना दंडाला धरून पायरीवर बसवलं आणि थर्मासमधला चहा दिला.

“तात्या,” कप रिकामा करून साहेब म्हणाले, “कुणाला सांगू नका.”

“छे! काय सांगायचंय त्यात?”

संध्याकाळी गाड्या परतल्या. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत तात्या पत्ते पिसत बसले होते. हॉर्न दारात थबकला, पाटीकडे बघितलं, जाडजूड एसकडे बघितलं, पुसलेल्या डागाकडे बघितलं.

“तात्या, हे कुणी केलं?”

“आला होता एक नवा पेंटर. बस. पानं घे.”

हॉर्न बसला. त्याच्या मागोमाग बाकीचेही आले. रंगाचा पांढरा ठिपका साहेबांच्या कानाच्या पाळीवर अजून होता, आणि तो बत्तीसच्या बत्तीस जणांना दिसला. पण ऑफिसच्या दारावरून जाताना जो तो मोठ्यानं एवढंच म्हणत गेला, “नवा पेंटर माणूस बरा आहे हो! अक्षर गचाळ आहे, पण माणूस बरा!”

सकाळी साहेबांनी तपासणीचं रजिस्टर उघडलं. मोठ्या साहेबांचा शेरा होता. पेंटर अनाडी, परंतु आज्ञाधारक. हेडक्लार्क जागेवर नाहीत. ते कुठे आहेत याचा कर्मचाऱ्यांना पत्ता नाही. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

स्पेलिंगसाहेबांनी कागद पुढे ओढला आणि इंग्रजीत विषय लिहायला घेतला: हेडक्लार्कची गैरहजेरी. ‘हेडक्लार्क’ लिहून झालं. पेन केच्या शेवटच्या पायाशी थांबलं. आता एस. आणि शेपूट. आधी? नंतर? हेडक्लार्क एकच होता, तेव्हा आधी. पण आधी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ती पाटी उभी राहू लागली. त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दुपारपर्यंत टोपलीत सतरा बोळे जमले. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, खुलासा मराठीत टाइप करा.”

बाईंचे हात हवेतच थांबले. “मराठीत? तुम्ही, साहेब?”

“का? मातृभाषेचा अभिमान नको माणसाला? घ्या लिहून. हेडक्लार्कची गैरहजेरी, याबाबत खुलासा. झालेल्या प्रकाराबद्दल मी मनापासून... मनापासून...” त्यांनी लाल पेनचं टोपण घट्ट लावलं. “दिलगिरी व्यक्त करतो.”

टकटक सुरू झाली आणि मध्येच थांबली.

“साहेब, ‘दिलगिरी’तली पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?”

स्पेलिंगसाहेबांनी छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, लाल पेनकडे पाहिलं. हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात कधी लिहिलेलाच नव्हता.

“बाई,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला बरी वाटेल ती घाला.”